पडशाचें व्याकरण

पावसाळ्याच्या आरंभीं वर्गाचा हजेरीपट उघडला म्हणजे रजेच्या चिठ्ठ्यांत तींच तीं कारणें लिहिलेलीं आढळतात. कोणास पडसें झालें आहे, कोणास सर्दी झाली आहे, तर कोणास ताप आला आहे. अशा तीन चिठ्ठ्या एके दिवशीं हातीं आल्या असतां आमच्या ध्यानांत आलें कीं, या तीन दुखण्यांत मराठीचीं तीनहि लिंगें एकत्र आलीं आहेत: तें पडसें, ती सर्दी आणि तो ताप. आमच्या शाळेंतील कित्येक मुलें हल्लीं जर्मन भाषा शिकूं लागलीं आहेत, व त्या भाषेचीं लिंगें पाहून घाबरतात. त्यांच्यासाठीं या तीन दुखण्यांचाच धडा येथें मांडीत आहों.

जर्मन भाषेंतहि लिंगें तीन आहेत. नामापूर्वीं पुल्लिंगी ‘डेर’, स्त्रीलिंगी ‘डी’ व नपुंसकलिंगी ‘डास’ हें उपपद येतें. योगायोग असा कीं, वरील तीन दुखण्यांचीं जर्मन नांवेंहि तीन निरनिराळ्या लिंगांचीं आहेत. पडशास ‘डेर श्नुप्फेन’, सर्दीस ‘डी एर्केल्टुंग’ व तापास ‘डास फीबर’ म्हणतात. परंतु जोड्या तंतोतंत जुळत नाहींत. सर्दी दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे; पण पडसें आमच्याकडे नपुंसकलिंगी, त्यांच्याकडे पुल्लिंगी; आणि ताप आमच्याकडे पुल्लिंगी, त्यांच्याकडे नपुंसकलिंगी. लिंग हें दुखण्याचें नसून शब्दाचें असतें, हा पहिला बोध यावरून घ्यावा.

आतां शब्दांचें मूळ पाहूं. ‘काल्ट’ म्हणजे थंड. त्यापासून ‘एर्केल्टुंग’, म्हणजे गारठून आलेलें दुखणें. आमची ‘सर्दी’ देखील थंड या अर्थाच्या फारसी ‘सर्द’ शब्दापासून आलेली आहे. हजारों कोस दूर असलेल्या दोन्ही समाजांनीं नाक वाहूं लागल्याचा दोष थंडीवर ठेवला! हा रोग विषाणूंमुळें होतो हें आज आपणांस ठाऊक आहे. तरीहि जुनी समजूत शब्दांत टिकून राहिली आहे. ‘फीबर’ हा शब्द लॅटिन ‘फेब्रिस’पासून आला, आमचा ‘ताप’ संस्कृत ‘तप्’ धातूपासून, म्हणजे तापण्यापासून, आला.

लिंग ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत काय? आहेत, पण थोड्या. क्रियापदापासून ‘उंग’ लावून झालेलीं नामें स्त्रीलिंगी असतात. म्हणून एर्केल्टुंग स्त्रीलिंगी, आणि लस टोचणें या अर्थाचा ‘इम्प्फुंग’ शब्दहि स्त्रीलिंगी. ‘ए’कारान्त नामें बहुधा स्त्रीलिंगी असतात, जसें ‘डी ग्रिप्पे’, म्हणजे इन्फ्ल्यूएंझा. मराठींतहि खोकला आकारान्त म्हणून पुल्लिंगी, डोकेदुखी ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी, दुखणें एंकारान्त म्हणून नपुंसकलिंगी. तथापि हत्ती व पाणी हे शब्द हा नियम मोडतातच. जर्मनमधील ‘एर’ हा शेवट तर फारच फसवा आहे. ‘लेरर’ म्हणजे शिक्षक, तो पुल्लिंगी. ‘मुटर’ म्हणजे आई, ती स्त्रीलिंगी. आणि ‘फीबर’ नपुंसकलिंगी. अशा ठिकाणीं पाठांतरावांचून गति नाहीं.

जोडशब्दांचा नियम मात्र सोपा आहे: शेवटच्या पदाचें जें लिंग, तेंच सर्व शब्दाचें. हिंवतापाचें जुनें जर्मन नांव ‘वेक्सेलफीबर’, म्हणजे आलटून पालटून येणारा ताप. ‘वेक्सेल’ पुल्लिंगी असला तरी शेवटीं ‘फीबर’ आहे, म्हणून ‘डास वेक्सेलफीबर’. आमच्याकडेहि ‘हिंव’ नपुंसकलिंगी, पण ‘ताप’ पुल्लिंगी. म्हणून आपण ‘तो हिंवताप’ म्हणतों. नियम दोन्हीकडे एकच आहे, तो कोणी शिकविल्यावांचून तुम्हीं लहानपणींच आत्मसात केला आहे.

पुढें विभक्ति. जर्मनमध्यें विभक्ति चार. पडशाचीं रूपें अशीं: प्रथमा डेर श्नुप्फेन, षष्ठी डेस श्नुप्फेन्स, चतुर्थी डेम श्नुप्फेन, द्वितीया डेन श्नुप्फेन. सर्दीचीं रूपें: डी, डेर, डेर, डी एर्केल्टुंग. तापाचीं: डास फीबर, डेस फीबर्स, डेम फीबर, डास फीबर. नीट निरखून पाहा. मराठींत पडसें, पडशाचा, पडशास असें नाम स्वतः रूप पालटतें. जर्मनमध्यें येथें षष्ठीचा ‘स’ सोडल्यास नाम जागचें हलत नाहीं, सर्व भार उपपद वाहतें. म्हणून ज्यानें उपपद टाकून शब्द पाठ केला, त्यानें अर्धाच शब्द पाठ केला असें समजावें.

वाक्यरचनेंत आणखी एक भेद आहे. मराठींत दुखणें कर्ता असतें व मनुष्याकडे येतें: ‘मला ताप आला.’ जर्मनमध्यें मनुष्य कर्ता होतो व दुखणें बाळगतो: ‘इख हाबे फीबर’, म्हणजे शब्दशः ‘मी ताप बाळगतों.’ येथें फीबरला उपपद लागत नाहीं. सर्दी असल्यास ‘इख हाबे आइने एर्केल्टुंग’. पडसें असल्यास ‘इख हाबे आइनेन श्नुप्फेन’. या शेवटच्या वाक्यांत ‘आइन’ न म्हणतां ‘आइनेन’ कां? दुखणें कर्म आहे, म्हणून द्वितीया आली. आणि द्वितीयेंत एकवचनी पुल्लिंगाचेंच उपपद पालटतें.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. जर्मन शिकूं लागलों तेव्हां वहींत आम्हीं नुसतीं नामें उतरून घेत असूं; उपपदें मागाहून पाहूं, असा आळस. परिणामीं ‘तो ताप’ मनांत घोळत असल्यामुळें कित्येक महिने ‘डेर फीबर’ म्हणत राहिलों. ती चूक काढून टाकण्यास जितके श्रम पडले, तितक्यांत शंभर नवे शब्द आले असते.

असल्या बारकाव्यांचा उपयोग काय, असें पालक विचारतात. २०२४ सालीं महाराष्ट्र शासन व जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग हें राज्य यांच्यांत कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयीं करार झाला. इकडच्या मुली तिकडे परिचारिका म्हणून जातात. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें तिकडून लिहिलेल्या पत्रांतील हकीकत सांगतों. एका वृद्ध बाईविषयीं वरिष्ठ परिचारिका म्हणाली कीं, आजी आज ‘फेरश्नुप्फ्ट’ आहेत. शब्दांत श्नुप्फेन ऐकून ही तत्परतेनें रुमाल व तापमापक घेऊन गेली. आजींना पडसेंहि नव्हतें व तापहि नव्हता. ‘फेरश्नुप्फ्ट’ याचा अर्थ पडसें झालेला असा होतो, तसाच रुसलेला, मनाला लागलेला असाहि होतो. सकाळपासून त्यांचें बोलणें कोणी ऐकून घेतलें नव्हतें! आमच्याकडेहि नापसंती नाकावरच दिसते; आपण नाक मुरडतोंच कीं. अर्थ उमगल्यावर ती मुलगी तापमापक बाजूस ठेवून त्यांच्याजवळ बसली, आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्यें त्यांची विचारपूस केली. तेंच त्या दिवशींचें औषध ठरलें.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत शिमोनाच्या सासूस ताप आल्याची कथा आपण वाचतों. प्रभु तिच्याजवळ गेला व त्यानें तिचा हात धरला. दुखणाइताजवळ जाण्याची पहिली पायरी म्हणजे त्याचें बोलणें समजणें, असें आम्हांस वाटतें. म्हणून पालकांस विनंति कीं, मूल नवा शब्द घोकीत असतां ‘उपपद कोणतें?’ एवढेंच विचारावें. त्यास जर्मन येण्याची गरज नाहीं. आणि मुलांनो, पुढील खेपेस रजेची चिठ्ठी लिहाल तेव्हां दुखणें तो, ती कीं तें, याचा क्षणभर विचार करा. आपल्या भाषेचें व्याकरण ज्यास डोळसपणें दिसूं लागलें, त्यास परक्या भाषेचें भय उरत नाहीं.