दशरथाची चिंता

मुले लहान असतात तोवर आईबापांची चिंता सोपी असते. ताप आला, औषध दिले. पडले, उचलून घेतले. खरी काळजी लागते ती आपले केस पिकू लागल्यावर, मुलगा पुण्यास शिकावयास किंवा मुलगी बंगळूरला नोकरीवर निघते तेव्हा. बेळगावातील पुष्कळ घरे आज हा अनुभव घेत आहेत.

या बाबतीत वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातील १८ ते २२ हे सर्ग अवश्य अभ्यासावेत. विश्वामित्र यज्ञरक्षणार्थ रामाला मागतात. दशरथाची पहिली सबब वयाची : रामाला अद्याप सोळा वर्षेही पुरी झालेली नाहीत. मग तो म्हणतो, मी स्वतः सेना घेऊन येतो, रामाला नेऊ नका. मुलाचे काम आपणच उरकून टाकावे, ही बापाची बुद्धी किती जुनी आहे पहा! (वसतिगृहातल्या मुलाचे अर्ज घरबसल्या भरणारे वडील याच परंपरेतले.) परंतु मनातली गोष्ट निराळीच असते. रामावाचून आपण मुहूर्तभरही जगू शकणार नाही, असे राजा बोलून जातो.

म्हणजे एक भय राक्षसांचे आणि दुसरे स्वतःच्या रित्या घराचे. पहिल्यावर उपाय मुलाला तयार करणे हा आहे. दुसऱ्याचे ओझे मात्र मुलाच्या पाठीवर देऊ नये. ते पतिपत्नींनी एकमेकांशी बोलून, स्नेह्यासोबत्यांत मिसळून हलके करावे. मी वयाने लहान आहे, तरी गाव सोडून गेलेल्या माझ्या सोबत्यांचे म्हणणे वडीलधाऱ्यांच्या कानी घालतो : फोनवर आईचा रडवेला आवाज ऐकला की खरी अडचण सांगवत नाही.

वसिष्ठ राजाला दिलेल्या वचनाची आठवण देतात, आणि राम कोणाबरोबर जात आहे, त्या ऋषीचे सामर्थ्य काय, हे तपशीलवार सांगतात. ही चौकशी आईबापांनी जरूर करावी. मग दशरथ स्वतः रामाला बोलावून त्याचे मस्तक हुंगतो आणि लक्ष्मणासह त्याला ऋषीच्या स्वाधीन करतो.

शरयूतीरी विश्वामित्र रामाला प्रथम बला व अतिबला या विद्या देतात. त्यांच्या योगे श्रम, ज्वर, भूक, तहान बाधत नाहीत. आपल्या मुलांपुरती बला-अतिबला म्हणजे दोन वेळचे जेवण रांधता येणे, आजार अंगावर न काढता डॉक्टरकडे जाणे, महिन्याचा खर्च मांडता येणे. हे मुलीइतकेच मुलालाही शिकवावे, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. त्या रात्री राजपुत्र गवताच्या, सवयीच्या नसलेल्या बिछान्यावर निजले, आणि रात्र त्यांना सुखाची गेली, असे वाल्मीकि सांगतात.

हे पाच सर्ग एका बैठकीत वाचून होतात. जाणत्या मुलांना शेजारी बसवून वाचावेत.