उडवू नकोस, आधी उतरवून घे

चिऊ, काल रात्री फोनवर तू अगदी सहज म्हणालीस, ‘ताई, मेलबॉक्स भरलाय, बिल्डरच्या जुन्या मेल उडवून टाकते,’ आणि मी गवार मोडता मोडता थांबलेच. अगं, बोरिवलीच्या त्या घरासाठी तुम्ही दोघांनी किती पोटाला चिमटा काढलाय! चावी अजून हातात नाही. ताबा कधी देणार, हे ज्या मेलमध्ये लिहिलंय त्याच उडवणार? गुगलची ती फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशी तिघांत मिळून असते. पिल्लूच्या वाढदिवसाचे व्हिडिओच जास्त जागा खात असतील, ते पेन ड्राइव्हवर टाक. आणि काही उडवलं असशील तर आधी ट्रॅश बघ. तिथे ते ३० दिवसच टिकतं.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, बाबांच्या कानावर जाईल म्हणून. मुलुंडच्या आमच्या घराचा सगळा पत्रव्यवहार मी ऑफिसच्या मेलवरून केला होता. पार्किंग देतो, असं बिल्डरने त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी नोकरी सोडली, त्याच संध्याकाळी खातं बंद. पुढे पार्किंगचा विषय काढला तर म्हणाला, ‘कुठे लिहिलंय ते दाखवा ना, मॅडम.’ काय दाखवणार, कपाळ? तुझे भावोजी अजून रोज रात्री स्कूटर लावायला गल्लीत दोन फेऱ्या मारतात. बाबांनी मेंटेनन्सची एकेक पावती टाचणी लावून लोखंडी कपाटात ठेवली, आणि त्यांच्या इंजिनियर लेकीकडे एक कागद नव्हता.

स्क्रीनशॉट आहेत म्हणशील. स्क्रीनशॉट म्हणजे पत्राचा फोटो. पाकीट कुठाय? पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कुठाय? मेललाही पाकीट असतं, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. कुठल्या सर्व्हरवरून, किती वाजता, कुणाच्या नावाने निघाली, ते सगळं त्यावर असतं. ते हवं असेल तर लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये मेल उघड. ज्या पत्राची प्रत हवी त्याच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर टिचकी मार आणि ‘डाउनलोड मेसेज’ निवड. ‘ईएमएल’ नावाची फाईल उतरेल. पत्र, पाकीट आणि आतली जोडपत्रं, तिन्ही एकत्र. हे एकेका मेलचं करावं लागतं, कंटाळवाणं आहे. पण आधी निदान ताब्याची तारीख, पैसे आणि पार्किंग असलेल्या मेल तरी घे.

कंट्रोल-एस दाबून अख्खं पान सेव्ह करायच्या फंदात पडू नकोस. मी पडले होते. नंतर उघडलं तर अर्धवट सांगाडा.

वाचायला सोपी प्रत हवी तर वरच्या कोपऱ्यात प्रिंटरचं चित्र आहे, ‘प्रिंट ऑल’. त्यातून सगळं संभाषण क्रमाने एकाच पीडीएफमध्ये येतं. फक्त त्यात जोडपत्रांची नुसती नावं छापली जातात, आतले नकाशे, पावत्या येत नाहीत. त्या वेगळ्या उतरव. मेल लांबलचक असेल तर जीमेल ती मध्येच कापतं आणि खाली ‘व्ह्यू एंटायर मेसेज’ लिहितं, तेही बघत जा. आणि सगळंच एका दमात हवं असेल तर बिल्डरच्या मेलना एक लेबल लाव, मग ‘गुगल टेकआउट’मध्ये तेवढंच लेबल निवड. त्यांची लिंक आली की लगेच उतरवून घे, आठवड्याभरात ती मरते.

एवढा खटाटोप कशाला? जालन्याचं प्रकरण वाच. २०१४ची विधानसभा, २९६ मतांचा फरक, आणि वाद हा की उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतला का. पुरावा काय, तर निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. सीडी मिळाली, पण सोबतचं प्रमाणपत्र मागून मागून अधिकारी देईनात. शेवटी १४ जुलै २०२० रोजी ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणता येत नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. आता गुगलचा सर्व्हर का तू रिक्षात घालून नेणार आहेस? १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाईलचा ‘हॅश’, म्हणजे तिचा अंगठाच म्हण, नोंदवावा लागतो. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी हा अंगठा बदलतो. म्हणून उतरवलेल्या ईएमएलला हात लावायचा नाही. वाचायला, छापायला वेगळी प्रत.

लगेच कोर्टात जायचंय असं नाही गं. महारेराकडे तक्रार केलीस तरी तारखांचे कागद जोडावे लागतातच. आणि कागद आहेत म्हटल्यावर बिल्डरचा सूर बदलतो, हे मी शेजारणीच्या बाबतीत पाहिलंय.

रविवारी मी येते. दादरला गाडी बदलून यायचं म्हणजे साडेअकरा होतील. लॅपटॉप चार्ज करून ठेव, दोन पेन ड्राइव्ह आण. एक मी माझ्याकडे घेऊन जाईन. आणि तोवर बिल्डरच्या एकाही मेलला हात लावलास ना, तर तुझ्या आवडीच्या नारळाच्या वड्या तिकडे वसईला आत्याकडे पोचतील.