बळाचा अभिमान आणि परमेश्वराचा आश्रय

श्रीकृष्णचक्रवर्तींच्या चरित्रातील एक प्रसंग सर्व साधकांच्या परिचयाचा आहे. कौरव-पांडवांचे युद्ध अटळ झाले तेव्हा साहाय्य मागण्यासाठी दुर्योधन आणि अर्जुन एकाच दिवशी द्वारकेस पोहोचले. श्रीकृष्ण त्या वेळी निद्रिस्त होते. दुर्योधन आधी आत आला आणि उशाशी असलेल्या श्रेष्ठ आसनावर जाऊन बसला. अर्जुन मागाहून आला आणि पायथ्याशी हात जोडून उभा राहिला. डोळे उघडताच श्रीकृष्णांची दृष्टी प्रथम अर्जुनावर पडली. मागण्याचा पहिला अधिकार वयाने धाकट्या असलेल्या अर्जुनास देऊन त्यांनी दोन गोष्टी समोर ठेवल्या. एका बाजूस आपल्याच तोलाचे असंख्य गोपयोद्धे, म्हणजे नारायणी सेना. दुसऱ्या बाजूस शस्त्र न धरणारे, युद्ध न करणारे एकटे आपण.

अर्जुनाने निःशस्त्र श्रीकृष्णांना मागितले. दुर्योधनाच्या वाट्यास सेना आली आणि तो मनापासून संतुष्ट झाला. उद्योगपर्वातील हे वर्णन वाचताना साधकाचे लक्ष बहुधा अर्जुनाच्या निवडीकडे जाते. परंतु दुर्योधनाचा हा संतोष अधिक विचार करण्याजोगा आहे. दुर्योधन काही ईश्वर न मानणारा नव्हता. श्रीकृष्णांचे सामर्थ्य त्यास ठाऊक होते, म्हणूनच तो द्वारकेपर्यंत आला होता. त्याने केवळ हिशेब केला. जे मोजता येते ते त्याने घेतले आणि जे मोजता येत नाही ते प्रतिपक्षास गेले म्हणून त्यास आपण काही गमावले असे वाटलेच नाही. जीवाचे अन्यथाज्ञान बहुतेक वेळा याच रूपाने वावरते. मुखाने तो परमेश्वरास मान्य करतो आणि भरवसा मात्र ज्याची गणती होते त्यावर ठेवतो: मनुष्यबळावर, द्रव्यावर, विद्येवर, आप्तवर्गावर.

येथे एक शंका उद्भवते. अर्जुनापाशी तरी बळ कोठे कमी होते? गांडीव धनुष्य, अक्षय भाते, दिव्य अस्त्रे हे सर्व त्याच्यापाशी होतेच, आणि श्रीकृष्णांना मागून घेतल्यावर त्याने धनुष्य खाली ठेवले नाही. मग त्याने बळाचा आश्रय सोडला असे कसे म्हणावे? या शंकेचे उत्तर युद्धाच्या शेवटी, शल्यपर्वात, मिळते. अठराव्या दिवशी सर्व संपल्यावर श्रीकृष्णांनी अर्जुनास गांडीव व भाते घेऊन रथातून प्रथम उतरण्यास सांगितले. नेहमीची रीत अशी की सारथी आधी उतरतो. त्या दिवशी ती मोडली. अर्जुन उतरला, मागोमाग श्रीकृष्ण उतरले, आणि त्याच क्षणी तो रथ घोड्यांसह पेटून भस्म झाला. चकित झालेल्या अर्जुनास सांगण्यात आले की द्रोण व कर्ण यांच्या अस्त्रांनी हा रथ पूर्वीच दग्ध झाला होता. सारथी आसनावर होता म्हणूनच तो उभा दिसत होता. किती दिवस आपण जळालेल्या रथातून लढत होतो हे अर्जुनास त्या वेळी कळले.

याहून कठोर बोध मौसलपर्वात आहे. यादवांचा अंत झाला, श्रीकृष्णांनी अवतारकार्य आवरले, आणि द्वारकेतील स्त्रिया, वृद्ध व मुले यांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाकडे निघाला. पंचनदाच्या प्रदेशात आभीरांनी या काफिल्यावर धाड घातली. त्यांच्या हातांत लाठ्या होत्या. भीष्म-द्रोणांसमोर उभा राहिलेला धनुर्धर त्यांच्यासमोर होता, आणि त्याला गांडीवाची दोरी चढविण्यास कष्ट पडले. अस्त्रे आठवेनात. जे भाते कधी रिते झाले नव्हते ते रिते झाले. शेवटी तो धनुष्याच्या टोकाने लुटारूंना मारू लागला, तरी डोळ्यांदेखत स्त्रिया नेल्या गेल्या. धनुष्य तेच होते, बाहू तेच होते, विद्याही तीच. पुढे तो व्यासांच्या आश्रमी जाऊन खिन्नपणे बसला. सर्व महाभारतात अर्जुन इतका दीन अन्यत्र क्वचितच दिसतो, आणि कुरुक्षेत्रावरच्या गीतोपदेशाचा अर्थ त्यास त्या आश्रमात अधिक उलगडला असावा असे म्हणण्यास जागा आहे.

अर्जुन द्वारकेबाहेर पडताच समुद्राने ती नगरी गिळली. जरासंधाच्या स्वाऱ्यांपासून यादवांच्या रक्षणासाठी उभारलेला तो जलदुर्ग होता. ज्याच्या आधाराने तो दुर्ग होता तो आधार सरल्यावर तटांनी एक दिवसही तग धरला नाही.

त्याच पश्चिम समुद्राच्या काठी, द्वारकेच्या दक्षिणेस बऱ्याच अंतरावर, पालघरच्या पश्चिमेस शिरगाव हे गाव आहे. उत्तरेस सातपाटी, दक्षिणेस माहीम व केळवे, आणि अगदी वाळूला लागून एक चिरेबंदी किल्ला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती गेले, आणि दोहोंमधील या किनाऱ्यावर फिरंग्यांच्या ठाण्यांची माळच उभी राहिली. शिरगाव हे त्यांतील एक. किल्ल्याच्या आवारात फांद्या फुटलेला ताड आहे. एरवी ताडाला एकच शेंडा असतो. ज्यास असे अनेक शेंडे फुटतात त्यास लोक रावणताड म्हणतात. नाव ज्याने कोणी दिले त्याने ते विचारपूर्वक दिले असावे.

दोनशे वर्षे या ठाण्यांना कोणी हलवू शकले नाही. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांनी मोहीम उघडली. माहीमवरचा पहिला प्रयत्न फसला आणि माणसे पडली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव पडले, पण तेही ठाणे सर झाले. मे महिन्यात वसई शरण आली. पराक्रमाच्या दृष्टीने ही मोहीम असामान्य होती, यात संशय नाही. आता पुढील वर्ष पाहावे. एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले. वसई घेतल्यास दोन वर्षेही झाली नव्हती. आणि ज्या वसईसाठी इतके रक्त सांडले त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी थोरल्या बाजीरावांच्या नातवाने, दुसऱ्या बाजीरावाने, इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य लिहून दिले. १८१८ नंतर शिरगावही इंग्रजी अमलाखाली गेले. तट तेवढा राहिला. त्यावर आधी एक निशाण होते, मग दुसरे, मग तिसरे. प्रत्येक निशाण लावणाऱ्यास ते आपल्या बाहुबळाने लागले असे वाटले असणार.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या मनुष्याचे स्वगत वर्णिले आहे. आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, या शत्रूस मारले, दुसऱ्यांसही मारीन, आपणच समर्थ, आपणच सुखी, अशा अर्थाचे ते बोल आहेत. ते केवळ राजांना लागू आहेत असे समजून वासनिकाने पुढचे पान उलटू नये. शेताचा बांध, दुकानाची गादी, मुलाची नोकरी, पंचायतीतील मान या सर्व ठिकाणी तेच स्वगत लहान आवाजात चालू असते.

परंतु चिमाजी आप्पांना केवळ गर्विष्ठ ठरविणे हा अन्याय होईल. मनुष्यबळ अपुरे आहे हे त्यांनी ओळखले होते. वसईच्या मोहिमेत त्यांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला आणि विजयानंतर तिचे मंदिर बांधले, असे परंपरा सांगते. येथे मात्र सूक्ष्म विचार करावा लागतो, आणि महानुभाव शास्त्राचे वेगळेपण येथेच आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञांनी वेगळे करून दाखविले. देवता समर्थ असतात, फळही देतात. परंतु त्यांचे सामर्थ्य मर्यादित आणि त्यांचे फळ नाशवंत असते. गीतेच्या सातव्या अध्यायातही श्रीकृष्णचक्रवर्तींनी हेच सांगितले आहे की कामनेने ज्यांचे ज्ञान हिरावले गेले ते अन्य देवतांना भजतात आणि त्यांना मिळणारे फळ अंत असलेले असते. नवस करणारा आपल्या बळावरून भरवसा काढतो हे खरे, पण आपल्या इच्छेवरून काढीत नाही. कार्य त्याने ठरविलेले, वेळ त्याने ठरविलेली, देवतेकडे मागायचे ते केवळ पाठबळ. दुर्योधनानेही सेना मागितली होती. अर्जुनाने सारथी मागितला, म्हणजे रथ कोणीकडे न्यावा हे आपल्या हाती ठेवले नाही. जो मार्गात आहे, पण आजारपणात किंवा कोर्टकचेरीच्या वेळी लपून एखाद्या देवतेस नवस बोलतो, त्याने हा भेद नीट पाहावा. असे प्रसंग मार्गात घडत नाहीत असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही.

त्यागी भिक्षुकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. द्रव्य नाही, सत्ता नाही, घर नाही. मग अभिमान कशाचा? त्यागाचाच. गीतेच्या शेवटच्या अध्यायात अर्जुनास बजावले आहे की युद्ध करणार नाही हा निश्चयही अहंकारातून आलेला असू शकतो आणि तसा निश्चय टिकत नाही. शस्त्र उचलण्यात अहंता असते तशी ती ठेवण्यातही असते. म्हणून अवतारांनी दाखविलेला आचार पाहावा. फलटणचे श्रीचक्रपाणीप्रभू मातापुरास श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या भेटीनंतर द्वारावतीस गेले. ज्या नगरीत श्रीकृष्णचक्रवर्तींनी राज्यवैभव दाखविले त्याच नगरीच्या वाटा या अवताराने हाती खराटा घेऊन झाडल्या, केर सुपात भरला. पुढे भडोचच्या प्रधानपुत्राचा, हरिपाळदेवाचा, देह स्वीकारून श्रीचक्रधरस्वामी प्रकटले. द्यूतात द्रव्य हरल्यावर पत्नीने दागिने देण्यास नकार दिला, ही त्यांची लीळा सर्वश्रुत आहे. प्रधानाच्या घरात काय कमी होते? पण गरजेच्या घटकेला आपले म्हटलेले आपले नसते, हे जीवास दाखविण्यास ती एक लीळा पुरे आहे. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले.

स्वामींनी अनुसरलेल्यांना देशत्याग, संबंधत्याग, अटन, विजन आणि भिक्षा हा आचार लावून दिला. ओळखीचा देश सोडावा, कारण तेथे कुळाचे बळ असते. एका ठिकाणी राहू नये, कारण तेथे लोकांचे बळ जमते. झोळी घेऊन अनोळखी दारी उभे राहावे. दुसऱ्या दिवशीचे अन्न कोण देईल हे ज्यास माहीत नसते त्यास परमेश्वराचे स्मरण शिकवावे लागत नाही. मठात साठा वाढला, ओळखी वाढल्या, सन्मानाची सवय झाली, की भिक्षा विधीपुरती उरते. हे आजच्या साधनवंतांनी मनाशी तपासावे.

प्रापंचिकाने मग काय करावे? त्याने काम सोडून स्वस्थ बसावे असा अर्थ येथे मुळीच नाही. शिरगावच्या शेजारी सातपाटीचा कोळी होडीची डागडुजी करतो, जाळे विणतो, भरती-ओहोटीचे गणित पाठ ठेवतो. यांत आळस केला तर त्यास मासळी मिळणार नाही. पण भर समुद्रात वारा फिरला तर तो आपल्या दंडाचे बळ सांगत बसत नाही. यत्न पुरा आणि कर्तेपणाचा दावा नाही, ही स्थिती त्यास दर्यावर आपोआप येते. जमिनीवर ती टिकविणे कठीण, कारण जमीन पायाखाली स्थिर आहे असे वाटते.

बळ टाकून द्यावे लागत नाही, ते कोणाच्या सेवेस लावले आहे एवढेच पाहावे लागते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हाइंभटांचे आहे. विद्वत्तेचा मोठा अभिमान घेऊन ते वाद करण्यासाठी डोमेग्रामी स्वामींकडे आले. अभिमान तेथे गळाला, विद्या गळाली नाही. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्याच विद्येने, त्याच चिकाटीने त्यांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या होत्या त्यांना गाठून त्या मिळविल्या, आचार्य नागदेवांना विचारून पडताळल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. एक शब्दही पदरचा पडू नये याची त्यांनी जी काळजी घेतली ती वादासाठी येणाऱ्या पंडिताची नव्हती.

या ग्रंथाचे पुढे जे झाले तेही ध्यानात घ्यावे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. तो दुर्ग अजिंक्य मानला जात असे. फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदविले आहे की घाईघाईने गडावर धान्य म्हणून नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले आणि रामदेवरायास शरण जावे लागले. पुढच्या धाडींच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीही नाहीशी झाली. तिच्यापाशी तट नव्हता, पहारा नव्हता. ज्यांनी ती नित्य स्मरणात ठेवली होती त्यांच्या मुखातून ती पुन्हा लिहून काढण्यात आली, आणि त्यांत हिराइसांचा पाठ मार्गात आजही आदराने सांगितला जातो.