भोजनातील मात्रा

धम्मदीक्षा घेतल्यानंतर घरात पहिले प्रश्न येतात ते विधींचे. वंदना केव्हा म्हणावी, देव्हाऱ्याच्या जागी काय असावे, सोमवार-चतुर्थी सोडल्यावर उपवासाचे काय करावे. हे प्रश्न योग्यच आहेत. पण शील जसे विहारात पाळावयाचे तसेच ते स्वयंपाकघरातही पाळावयाचे असते. भगवान बुद्धांनी 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणजे भोजनात मात्रा ओळखणे हा गुण भिक्खूंना शिकविला, तसाच एका गृहस्थ राजालाही शिकविला. आजचा पाठ त्याच गुणाविषयी आहे.

राजा पसेनदीची कथा

ही कथा संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात आली आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात कालवणासह खात असे. एकदा असा भरपेट जेवून, धापा टाकीत तो श्रावस्तीस भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची ती अवस्था पाहिली. त्यांनी त्याला रागे भरले नाही की उपाशी राहण्यास सांगितले नाही. त्यांनी एक गाथा म्हटली. तिचा आशय असा की, जागरूक राहून बेताने जेवणाऱ्याचे दुखणे हलके होते, म्हातारपण त्याला सावकाश गाठते आणि त्याचे आयुष्य राखले जाते.

राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करावयास लावली. आपण जेवावयास बसलो की ती म्हणावयाची आणि त्याबद्दल रोज शंभर कार्षापण घ्यावयाचे, असे ठरले. अट्ठकथेत आणखी एक तपशील आहे. शेवटच्या घासाच्या वेळी गाथा ऐकून राजा तो घास बाजूला ठेवी आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच तांदूळ कमी शिजविले जात. असे करता करता राजा नाळीभर भातावर आला. द्रोणाच्या मानाने नाळी हे फारच लहान माप. पुढे अंग हलके झाल्यावर अंगावरून हात फिरवीत तो म्हणाला की, भगवंतांनी या जीवनातही माझे हित केले.

या कथेतून तीन गोष्टी घ्याव्यात. खाणे हळूहळू कमी झाले. आठवण करून देणारा माणूस जवळ होता. आणि कपात ताटात झाली नाही, ती तांदळाच्या मापात झाली.

हा आपलाच प्रश्न आहे

कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाला कमी खा म्हणून काय सांगता? या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. १९२७ साली महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे खाणे सोडा असे सांगितले. आपल्या ताटात काय असावे हे आपणच ठरवावे, हा स्वाभिमान त्या सांगण्यात होता. आज शिक्षण आणि नोकरीमुळे अनेक घरांत दोन्ही वेळा चूल पेटते. हे कष्टाने मिळालेले अन्न आहे आणि ते पोटभर खाण्याचा आपल्याला हक्क आहे.

पण भुकेची भीती पोट भरल्यावरही मनात राहते. मुलांच्या ताटात राहिलेले वाया जाऊ नये म्हणून आई ते आपल्या पोटात ढकलते. पाहुण्याला 'आणखी एक घ्या' असा आग्रह न केला तर कमीपणा वाटतो. सुटलेले पोट ही सुखवस्तूपणाची खूण समजली जाते. आजोबा दिवसभर रानात राबत, नातू दिवसभर खुर्चीवर बसतो. भाताचा ढीग मात्र तेवढाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के व पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के यांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. अशा वजनापाठोपाठ मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार येतात. पहिल्या पिढीने शिकून घर उभे करावे आणि कर्त्या माणसाने पन्नाशीतच अंथरूण धरावे, हे त्या घराला परवडणारे नाही.

तपासण्याचे एक सोपे साधन म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर पोटाचा घेर मोजावा. पुरुषाचा ९० सेंटीमीटरपेक्षा व स्त्रीचा ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर सावध व्हावे.

घरातील आचरण

१. माप भांड्यात कमी करावे. रोज चार वाट्या तांदूळ लागत असतील तर पहिल्या आठवड्यात पाऊण मूठ कमी घ्यावेत. शिळे उरणार नाही आणि आईला संपवावेही लागणार नाही.

२. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबीर यांचा असावा. उरलेल्या अर्ध्यात भाकरी किंवा भात, आणि डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी. ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबीची खूण समजून टाकू नये. ती पावापेक्षा केव्हाही सरस आहे.

३. तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवावा. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल तर ते तीनवर आणावे. माणशी रोज सुमारे ७५ कॅलरी तेवढ्यानेच वाचतात. मटणाचा रस्सा तवंगाशिवायही चवदार होतो.

४. दिवसात पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे दहा चमचे साखर. आधी एक चमचा कमी करावा, मग कप कमी करावेत.

५. दारू सोडण्याची प्रतिज्ञा आपण घेतलीच आहे. दारूच्या प्रत्येक ग्रॅम मद्यार्कात सात कॅलरी असतात आणि सोबत तळलेला चखणा येतो. पंचशीलाचे पाचवे शील पाळणाऱ्याचे पोटही राखले जाते.

६. रात्रीचे जेवण लवकर व हलके घ्यावे. कीटागिरी सुत्तात भगवंत म्हणतात की रात्रीचे भोजन सोडल्याने आपल्याला आरोग्य, हलकेपणा व बळ लाभले. तो नियम भिक्खूंचा आहे. गृहस्थाने त्यातील बोध घ्यावा.

७. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि शेंगदाणे खाऊन केलेल्या उपवासाने वजन उतरत नाही. उपाशी मरणेही नको. सिद्धार्थाने देह झिजवून पाहिला, तो मार्ग निष्फळ ठरला आणि त्याने मध्यम मार्ग धरला.

आठवड्याला अर्धा किलो वजन उतरले तरी पुरे. ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो कमी झाले तरी रक्तदाब व साखर यांत फरक पडू लागतो. वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि क्षयरोगी यांच्या ताटात कपात करू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. साखर एकदम उतरून धोका होतो.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच तीन महिन्यांत प्रत्येक घराने वरीलपैकी दर महिन्याला एक सवय अंगी बाणवावी. राजाला सुदर्शनासाठी रोज शंभर कार्षापण मोजावे लागले. आपल्या घरी ते काम शाळेत जाणारी मुलगी फुकट करील. फक्त तिने 'बाबा, पुरे' म्हटल्यावर बाबांनी रागावू नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. पसेनदीचे तांदूळ रोज थोडे थोडे का कमी केले गेले?
२. आपल्या घरी महिन्याला तेल व साखर किती लागते?
३. उरलेले अन्न आपल्या घरी कोण संपवते? ते उरूच नये म्हणून काय करता येईल?

जयभीम!