अमेरिकी राजकारणात पीएच.डी. करण्यापूर्वी

अमेरिकेतल्या विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पीएच.डी.साठी 'अमेरिकी राजकारण' ही स्वतंत्र शाखा असते. काँग्रेस, अध्यक्षपद, न्यायालये, पक्ष आणि मतदार हे तिचे विषय. ऐकायला सगळे रोजच्या बातम्यांसारखे वाटते आणि फसगत तिथेच होते. निकालाच्या रात्री पहाटेपर्यंत जागणारे विद्यार्थी पहिल्याच सत्रात रिग्रेशनची गणिते सोडवत बसतात आणि अनेकांचा हिरमोड होतो.

इथे कोण जिंकणार याच्याशी फारसे कर्तव्य नसते. डेव्हिड मेह्यू यांचे काँग्रेसवरचे १९७४ चे छोटेखानी पुस्तक बहुतेक वाचनयाद्यांत सापडते. प्रतिनिधीला फक्त पुन्हा निवडून यायचे आहे, एवढे गृहीत धरून त्याच्या वागण्याचा किती उलगडा होतो, हे मेह्यू तपासतात. असा प्रतिनिधी स्वतःची जाहिरात करतो, कामांचे श्रेय घेतो आणि विधेयक पडले तरी आपली भूमिका लोकांपुढे मांडून ठेवतो. सेमिनारमध्ये एवढे सार सांगून भागत नाही. हे गृहीतक कुठे लंगडे पडते आणि ते कशावरून दाखवता येईल, ते सांगावे लागते. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथल यांनी सभागृहातल्या मतदानाच्या नोंदींवरून सदस्यांना उणे एक ते अधिक एक अशा पट्टीवर बसवले. त्या आकड्यात सदस्याची विचारसरणी किती आणि पक्षाची शिस्त किती, हा वाद अजून मिटलेला नाही. अशा वादात ज्याला गोडी वाटत नाही, त्याने पत्रकारिता किंवा प्रचाराचे काम पाहावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

भारतातून एम. ए. करून जाणाऱ्यांची राज्यघटनेची बाजू बहुधा पक्की असते, संख्याशास्त्राची कच्ची. संभाव्यता आणि 'आर' ही संगणकभाषा जाण्यापूर्वीच शिकून घ्यावी. अमेरिकी मतदारांच्या राष्ट्रीय पाहणीची १९४८ पासूनची आकडेवारी फुकट मिळते. तिच्यातला एखादा छोटा प्रश्न घेऊन महिनाभर झटापट करावी. आपला पिंड या कामाचा आहे की नाही, ते त्यातच बरेचसे कळते.

एकाच मोठ्या नावावर भाळून विद्यापीठ निवडणे धोक्याचे. प्राध्यापक नोकरी बदलतात, रजेवर जातात, निवृत्त होतात. आपल्या विषयातले निदान दोन-तीन जण तिथे असावेत. फीमाफी आणि विद्यावेतन नसेल, तर पीएच.डी.चा प्रवेश नाकारलेलाच बरा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या असतात. विभागाचे अलीकडचे विद्यार्थी कुठे नोकरीला लागले, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारावे. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर दुसरा विभाग शोधावा.