पूजेचा उत्तरार्ध

दर्शन, अभिषेक व महाप्रसाद यांची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहे. येथे पूजा आटोपल्यानंतरच्या कर्तव्याविषयी थोडे निवेदन करावयाचे आहे. वाहिलेले फूल, सांडलेले पाणी आणि उष्टी पत्रावळ यांचे पुढे काय होते, येथेही आपल्या भक्तीची कसोटी लागते.

वेळ अमावस्येची शिकवण

नांदेड-लातूर भागात मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या साजरी होते. शेतात कडब्याची कोप उभारतात, पाच दगडांना चुना लावून त्यांची पांडव म्हणून पूजा करतात. भज्जी, उंडे, खीर व आंबील यांचा नैवेद्य दाखवून ती आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. ओळखी-अनोळखी सर्वांना आग्रहाने पंगतीस बसवितात. या पूजेतील कडबा गुरांस मिळतो, अन्न माणसांस आणि आंबील मातीस. कचरा म्हणून मागे काही उरत नाही. पर्यावरणाची पूजा ती हीच.

निर्माल्याचे मोल

मंदिरात मात्र आपण ही शिकवण विसरतो. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य वेचताना फुलांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, जरीच्या माळा व अगरबत्तीची वेष्टने हाती लागतात. पूर्वी आम्हीही हे सारे ओढ्यात सोडून मोकळे होत असू. उन्हाळ्यात ओढा आटला की तेच निर्माल्य उघडे पडे आणि गुरे त्यात तोंड घालीत. ज्या गाईला घास देऊन आपण पुण्य जोडतो, तिच्याच पोटात आपली पिशवी जावी, हे शोभणारे नाही. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. परंतु कायद्याआधी आपली सदसद्विवेकबुद्धी जागी असावी.

निर्माल्यातील दोरा, तार व जरी काढून फुले-पाने आणि वाळका पाला यांचे आलटून-पालटून थर द्यावेत. शेणकाला शिंपडावा, ओल राखावी व पंधरा दिवसांनी वरखाली करावे. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. घरी जुन्या कुंडीतही हे साधते. ते तुळशीला घालावे. देवाचे फूल पुन्हा देवाच्याच दारी येते.

सण आणि वृक्ष

वटपौर्णिमेला फांदी तोडून घरी आणण्यापेक्षा वडाजवळ जावे. दसऱ्याला आपट्याची झाडे ओरबाडली जातात. एक पान पुरे मानावे आणि शक्य तेथे आपट्याचे एक रोप लावावे. वड, पिंपळ व उंबर यांसाठी मोकळी जागा निवडावी; बेल आणि कडुनिंब गावातही चांगले वाढतात. रोप लावण्याहून पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी देणे अधिक कठीण, आणि तेच खरे व्रत होय.

पाण्याचे दान

मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. तो उन्हाळा ज्यांनी भोगला, त्यांना पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात कंधार येथे राष्ट्रकूटकाळातील जगत्तुंगसमुद्र हा तलाव आहे. देवालयाबरोबर जलाशय बांधणे हाही पूर्वी धर्मच मानला जाई.

शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी होते. सातशे मिलिमीटर पावसात हा हिशेब सत्तर हजार लिटरांवर जातो. काही ओघळून गेले तरी उरलेले गाळून विहिरीत वा कूपनलिकेशेजारच्या शोषखड्ड्यात सोडता येते. दानशूर मंडळींपैकी अनेकांची इच्छा संगमरवरी फरशी व नामफलक यांची असते. त्या भावनेचा आदर राखून विनंती आहे की, एखादे दान या पाण्यासाठी द्यावे. त्यावर नाव दिसणार नाही. पण वैशाखात विहिरीत बादली बुडेल तेव्हा ते दान दिसेल.

भाविकांस नम्र विनंती

१. फुले व प्रसाद कापडी पिशवीत अथवा परडीत आणावा.
२. निर्माल्य कुंडातच टाकावे.
३. नळ बंद करावा आणि पानात हवे तेवढेच वाढून घ्यावे.
४. निघताना आपली जागा झाडून स्वच्छ करावी.

संत गाडगेबाबा गावात आल्यावर आधी हातात झाडू घेत आणि रात्री कीर्तन करीत. तो क्रम आपण पाळला, तर आपली यात्रा सुफळ संपूर्ण होईल.

— सचिव, संस्थान कार्यालय