दार लावून घे

शरणपूर, नाशिक

प्रिय बाळा,



तुझं पत्र मिळालं. तरुण संघात तू प्रार्थना चालवतोस, सगळे वाखाणतात; पण एकटा गुडघे टेकलेस की तोंडून शब्द फुटत नाही. ‘माझी भक्ती खोटी तर नाही?’ असं तू विचारलंस. खोटी नाही, बाळा. पण ती चारचौघांतच राहायला शिकली आहे. तिला एकांताची सवय लाव.

मत्तयाचा सहावा अध्याय काढ. खोलीत जा, दार लाव, असं येशू सांगतो. तिथं वाहवा करायला कुणी नसतं. येशूही तसंच करी. कफर्णहूमात संध्याकाळी सारं गाव दाराशी लोटलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी अंधारातच उठून तो एकांती गेला, असं मार्क सांगतो.

शब्द सुचत नाहीत म्हणून लाजू नकोस. जुन्या करारातली हन्ना प्रार्थना करताना तिचे नुसते ओठ हलत होते. एली याजकाला ती प्यालेली वाटली. देवानं मात्र तिचं ऐकलं. आपल्याला प्रार्थना जमत नाही तेव्हा पवित्र आत्मा कण्हत आपल्यासाठी विनवणी करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात वाच.

आपले शब्द नसतील तेव्हा शास्त्राचे घे. इथल्या मिशन शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट. पुढे तो मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेत होता. १८७३ मध्ये ते तिथल्या एका दूरच्या गावात वारले, तेव्हा तिथं पाद्री नव्हता. त्यांचं हृदय पुरताना दफनविधी जेकबनंच वाचला. ते शब्द त्यानं रचलेले नव्हते, तरी ती प्रार्थनाच होती. वधस्तंभावर येशूच्या मुखीही बाविसावं स्तोत्रच आलं.

तेव्हा रोज सकाळी मोबाइल बाहेर ठेव, एक स्तोत्र सावकाश वाच. जिथं मन अडेल तिथं थांब. ज्याचा राग आला असेल त्याचं नाव देवापुढे घे आणि त्याला क्षमा करूनच ऊठ. प्रभूची प्रार्थना शिकवल्यावर येशूनं लगेच क्षमेचंच सांगितलं आहे.

ईस्टरपर्यंत संघातली प्रार्थना दुसऱ्या कुणाला चालवू दे. तू मागं बस आणि मनापासून आमेन म्हण. खोलीत काय घडतं ते मलाही कळवू नकोस. ते तुझ्यात आणि पित्यातच राहू दे.

तुझी,
आत्या